सावली पडत नाही

गुरुवार, १२ जानेवारी २००६
हिवरदरा

आज नोकरीवर रुजू झालो. संघदीप मनवर, कनिष्ठ लिपिक, नगरपरिषद. हे नाव आज सात कागदांवर लिहिलं आणि सातव्या वेळेस अक्षर इतकं वळणदार आलं की माझं मलाच हसू आलं. वणीहून एसटीनं साडेतीन तास लागले, त्यातला अर्धा पांढरकवड्याला भज्यांपायी गेला. शेजारच्या गृहस्थांनी हिवरदऱ्यात पाहण्यासारखं काहीच नाही असं वाटेभर सांगितलं आणि शेवटी ते इथलेच निघाले.

मुख्याधिकारी साहेबांनी माझ्या टेबलाला दोन विभाग जोडले: जन्म-मृत्यू नोंदणी आणि वृक्ष. दोघांचा संबंध काय असं विचारलं, तर म्हणाले, दोन्हीकडे गर्दी नसते. वृक्ष विभाग म्हणजे किल्ली हरवलेलं एक कपाट आणि बबनराव. बबनराव आमचे शिपाई. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, आणि भर थंडीत घामानं निथळणारे. खांद्यावरच्या पंच्यानं ते दिवसभर मान पुसत असतात. त्यांनी कपाटाला एक लाथ घातली, ते उघडलं, आणि मला माझा कार्यभार मिळाला.

आठवडी बाजारामागं एक खोली घेतली आहे. मैत्रेयी वणीला शाळेत शिकवते, माहेरीच राहते. मे महिन्यात शाळेला सुटी लागली की कायमची इकडे येईल असं ठरलं आहे. लग्नाला चौदा महिने झाले आणि त्यातले चारसुद्धा आम्ही एका घरात काढले नाहीत. फोनवर मी नुसता हं-हं करतो म्हणून तिनंच ही डायरी दिली. रोज लिहायचं, आल्यावर ती वाचणार. मैत्रेयी, वाचते आहेस ना? भजी चांगली होती.

मंगळवार, १७ जानेवारी

कायदा वाचून काढला. शहरातलं झाड तोडायचं तर आधी अर्ज. मग आमच्या विभागानं जागेवर जाऊन पाहणी करायची, बुंध्याला नोटीस चिकटवायची, लोकांना हरकत घ्यायला सात दिवस द्यायचे. मग पंचनामा. खाली दोन पंचांच्या सह्या आणि सर्वांत शेवटी 'समक्ष' असं लिहून माझी. हे न करता झाड तोडलं तर दंड, वेळ पडली तर तुरुंग. वाचून माझी छाती फुगली. कपाटात मात्र आजवर कुणाला दंड झाल्याचा एकही कागद सापडला नाही.

सापडले ते पंचनामे. ढीगभर, आणि सगळ्यांत मजकूर एकच, फक्त झाडाचा क्रमांक वेगळा. 'सदर झाड पूर्णपणे वाळलेले असून बुंध्यास ओल नाही, पालवी नाही, सावली पडत नाही. नोटीस लावण्यात आली. एकही हरकत आली नाही.' वाळलेल्या झाडाला परवानगी लगेच मिळते, म्हणून हिवरदऱ्यातलं प्रत्येक झाड अर्जाच्या दिवशी वाळतं. पंच क्रमांक एक सगळीकडे बबनराव, क्रमांक दोन आमच्या फाटकासमोरचा चहावाला. ही सगळी झाडं खरंच पाहिली होती का, असं मी बबनरावांना विचारलं. ते म्हणाले, "सायेब, कागदावर पाहाल त मी न पाह्यलेलं या गावात काहीच नाई." मी पोट धरून हसलो.

शनिवार, २८ जानेवारी

झाडांची गणती तपासायला बबनरावांबरोबर जुन्या जिनिंग कारखान्याच्या आवारात गेलो. कापसाच्या भावानं अशी पाठ फिरवली आहे की जिनिंग गेले तीन हंगाम बंदच आहे. शेडचे पत्रे कुणीतरी उतरवून नेलेत, यंत्रांच्या जागी गवत. राहिल्या आहेत त्या एकोणीस चिंचा. वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत कापसाच्या बंड्या इथं दोन-दोन दिवस उभ्या असायच्या, त्यांच्या बैलांसाठी कुणा जुन्या मालकानं लावलेल्या. प्रत्येकीवर चुन्याचा पट्टा आणि त्यावर गेरूनं क्रमांक. सर्वांत मोठी ४१७. मी, बबनराव आणि एक वाटसरू, तिघांनी हात धरले तरी तिचा बुंधा कवेत आला नाही.

तिच्याखाली रामीबाई ताक विकते. म्हातारी, हातभर बांगड्या आणि तिखट जीभ. तिचा नवरा लाकूडतोड्या होता. झाड पाडायच्या आदल्या दिवशी तो कुऱ्हाड बुंध्याला टेकवून ठेवायचा आणि झाडाला विचारायचा. सकाळी कुऱ्हाड जागेवर असली तर तोडायचा, पडलेली दिसली तर मुकाट दुसरं झाड पाहायचा. मी म्हणालो, बाई, आमची नोटीस म्हणजे तरी दुसरं काय? तिनं विचारलं, "मंग तुमी झाडाले पुसता का, का नुसते कागदाले पुसता?" बबनराव ताक पीत होते, त्यांना ठसका लागला.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात तो कधी नव्हताच, वडिलांनी तसं काही उंबऱ्याच्या आत येऊच दिलं नाही. पण ही रीत मला आवडली. निघताना रामीबाईनं ओंजळभर गाभुळलेल्या चिंचा दिल्या, ४१७ च्याच. येईपर्यंत मी अर्ध्या संपवल्या.

सोमवार, १३ फेब्रुवारी

जिनिंगची जागा विकली गेली. घेणारे कमलाकरराव, इथले लेआउटवाले, जमिनीचे प्लॉट पाडून विकणारे. फार गोड माणूस. माझ्यासारख्या कारकुनालाही उठून नमस्कार करतात. त्यांचा अर्ज आला आहे: आवारातल्या एकोणीसही चिंचा वाळलेल्या व धोकादायक असून पाडण्यास परवानगी मिळावी.

मी साहेबांना सांगितलं की साहेब, झाडांना अजून चिंचा लगडलेल्या आहेत. साहेब हसले. माझी नोकरी अजून कायम व्हायची आहे याची त्यांनी आठवण करून दिली आणि पुढच्या सोमवारी फाइल टेबलावर हवी म्हणाले. बाहेर कमलाकररावांनी गाठलं. मिसेस येणार असं ऐकलं, म्हणाले, आणि गाडीत घालून मला त्यांच्या नव्या इमारतीतल्या दोन खोल्या दाखवायला नेलं. आत नळ, ओटा, पूर्वेला खिडकी. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

रविवार, १९ फेब्रुवारी

मैत्रेयी काल आली, आत्ता परत गेली. खोली एकदम रिकामी वाटते आहे.

पंचनामा मी घरीच लिहायला आणला होता. एकोणीस झाडांचा मिळून एक, वरती ४१७ चा क्रमांक. जागेवर गेलो नाही, नोटिसा लावल्या नाहीत. बबनरावांची सही कोऱ्या कागदावर शुक्रवारीच झाली होती. चहावाला नेमका लग्नाला उमरखेडला गेलेला, तो बुधवारी येणार. फाइल उद्या द्यायची. दुसरा पंच कुठून आणणार?

मैत्रेयी चिंचेचं सार करत होती. तिच्यापुढं कागद धरला आणि इथं सही कर म्हणालो. कशाचा आहे, तिनं विचारलं. एक झाड वाळलंय, त्याचा. तिनं वाचलं नाही, हात पदराला पुसले आणि सही केली. बोटाची हळद कागदाला लागली, त्यावर ती जीभ चावून हसली. सार उत्तम झालं होतं. त्यातली चिंच रामीबाईनं दिलेली होती. हे मला जेवताना आठवलं आणि मी दुसरी वाटी घेतली नाही. पण असे पंचनामे सगळेच करतात.

गुरुवार, ९ मार्च

आज ४१७ पडली. बाकीच्या कालच पडल्या. गावातले तोडणारे तयार होईनात म्हणून कमलाकररावांनी बाहेरून यंत्रं आणि माणसं आणली. मी फाटकातूनच पाहिलं. करवतीखालून निघणारा भुसा ओला होता, मुठीत दाबला तर गोळा व्हावा इतका. एक मजूर त्यानं माखलेले हात धूत होता.

दुपारी रामीबाई ऑफिसात आली. तिला हरकत लिहून द्यायची होती. मी म्हणालो, मुदत संपली. ती म्हणाली, मुदत सुरू कवा झाली? मी फाइल उघडून 'एकही हरकत आली नाही' हे वाक्य तिला दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिनं त्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "झाडाची हरकत अजून येची हाये."

मला शरम वाटली, हे इथं लिहून ठेवतो. मैत्रेयी, तू वाचशील तेव्हा रागाव.

मंगळवार, ४ एप्रिल

बेचाळीस अंश. कमलाकररावांच्या नव्या खोल्यांत राहायला आलो. बबनरावांनी मजेशीर बातमी आणली: जिनिंगच्या जागेवरच्या लेआउटमध्ये भर दुपारी गार सावली पडते. झाड नसताना. मी म्हणालो, भांग कुठं मिळाली? पण जेवणाच्या सुटीत गेलो.

आहे. सपाट मुरूम, प्लॉटांच्या हद्दीचे दगड, जमिनीलगत कापलेले एकोणीस बुंधे. आणि ४१७ च्या बुंध्याभोवती भली मोठी गोल सावली. वर पाहिलं. ढग नाही, तार नाही, घारसुद्धा नाही. सावलीत उन्हाचे बारके बारके ठिपके होते, चिंचेच्या पाल्यातून पडतात तसे, आणि ते हलत होते. वारा अजिबात नव्हता. चार मजूर आणि एक बकरी आरामात लवंडली होती. बबनरावही लवंडले. मी दहा मिनिटं बसलो. माठाजवळ बसल्यासारखं गार वाटतं, चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा वास येतो. काहीतरी शास्त्रीय कारण असणार. उष्ण हवेचे थर वगैरे.

एक गंमत. एवढ्या उन्हात जाऊन आलो, पण संध्याकाळपर्यंत मला तहान लागली नाही.

मंगळवार, ११ एप्रिल

सावली लेआउटमध्ये नाही. आजपासून ती नगरपरिषदेच्या मागं पडते, सायकल स्टँडजवळ. बारा ते तीन. सगळं ऑफिस जेवायला तिथं बसतं. साहेबांनी खुर्ची मागवली. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. एवढ्या उन्हात सावलीला कोण कशाला प्रश्न विचारील? बबनराव तर जेवतही नाहीत, नुसते पडून राहतात.

मी बसत नाही. कारण सांगता येणार नाही. भीती वाटते म्हणालो तर वडील हसतील.

शुक्रवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळपासून मिरवणुकीत होतो, निळे झेंडे, ढोल, गुलाल, सगळं गाव घामानं न्हालेलं. बबनराव बंदोबस्ताच्या कामाला होते, भर उन्हात चार तास. त्यांचा पंचा कोरडा होता. मी मुद्दाम हात लावून पाहिला. मान, कपाळ, सगळं कोरडं. पोट सपाट झालं आहे. ओठांना भेगा, त्यातून रक्त येत नाही. पाणी दिलं तर म्हणाले, "तहानच नाई लागून राह्यली सायेब. मस्त वाटते." त्यांचं मनगट धरलं आणि सोडून दिलं. चामडी खरखरीत, जाड. उभ्या चिरा पडलेल्या.

मंगळवार, १८ एप्रिल

बबनराव वारले. दुपारी, सायकल स्टँडमागं. डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं.

मी घरी गेलो होतो त्यांच्या. शेवटची आंघोळ घालताना मी पाणी देत होतो. पहिली घागर ओतली. खाली एक थेंब आला नाही. दुसरी ओतली, तिसरी. पाणी अंगात जिरत होतं. सातव्या घागरीलाही पाटाखालची जमीन कोरडी होती. बायका रडायच्या थांबल्या. त्यांचा भाऊ मला म्हणाला, बस करा, आता बस करा.

चौघांनी तिरडी उचलली आणि चौघेही एकमेकांकडं पाहायला लागले. तिला वजनच नव्हतं.

बुधवार, १९ एप्रिल

मृत्यूची नोंद मलाच करायची होती. कारणाच्या रकान्यात उष्माघात लिहायला गेलो आणि पाहतो तर लिहिलं होतं: पूर्णपणे वाळलेले, बुंध्यास ओल नाही. माझंच अक्षर. मी पान फाडलं. सरकारी नोंदवहीचं पान.

मग चिंचांची फाइल काढली. पंच क्रमांक एक, बबनराव. पंच क्रमांक दोन —

हळदीचा डाग अजून पिवळा आहे.

आज सायकल स्टँडमागं सावली नव्हती. लेआउटमध्ये नव्हती. सबंध गाव फिरलो. कुठंच नव्हती.

शुक्रवार, २१ एप्रिल

ती कुठं आहे ते कळलं. वणीहून येणाऱ्या गाडीचा कंडक्टर स्टँडवर सांगत होता: पांढरकवड्याच्या अलीकडं डांबरी रस्त्यावर मधोमध सावली पडते, आजूबाजूला झाड नाही, ड्रायव्हरनं गाडी थांबवून इंजिन थंड करून घेतलं. सगळे हसले.

रामीबाईला शोधून काढलं. आता ती बाजारात उन्हात बसते. तिच्यापुढं सगळं कबूल केलं. मजूर कसे जिवंत, बकरी कशी जिवंत, विचारलं. ती म्हणाली, "त्याले लोकाईशी काय घेणं? ज्यानं मेलं म्हणून लिवून देल्लं, त्याच्याशी हाये." मग उपाय काय? खोटं ज्यानं सांगितलं त्यानंच झाडासमोर जाऊन खरं सांगायचं, आणि विचारायचं. बायकोनं काही पाहिलं नव्हतं, असं मी म्हणालो. रामीबाई म्हणाली, "मंग सही कायले घेतली तिची?"

मैत्रेयीला फोन केला. सावलीत बसू नकोस म्हणालो. ती खळखळून हसली आणि डोक्यावर कांदा ठेवून फिरत जा म्हणाली. चंद्रपूरला बहिणीकडं जा म्हणालो, तर पेपर तपासायचेत, एक मेपर्यंत हलता येणार नाही.

सोमवार, २४ एप्रिल

पंचनामा खोटा आहे, असं मी लेखी दिलं. माझ्यावर आणि कमलाकररावांवर गुन्हा नोंदवा. साहेबांनी अर्ज परत माझ्याच हातात ठेवला. फाइल बंद झाली, झाडं नाहीत, हरकत नाही, मग गुन्हा कसला? पोलीस ठाण्यात गेलो. त्यांनी माझ्याकडंच वृक्ष विभागाचं पत्र मागितलं. वृक्ष विभाग मीच आहे, असं सांगितलं. साहेबांच्या सहीनं आणा म्हणाले. कमलाकररावांकडं गेलो, त्यांनी पाणी दिलं, पंखा लावला, आणि म्हणाले, एवढ्या वर्षांत असं स्वतःहून आलेला पहिलाच माणूस तुम्ही, थोडी सुटी घ्या.

कंडक्टर म्हणाला, ती सावली आता मारेगावच्या पुढं, वणीच्या वाटेवर.

बुधवार, २६ एप्रिल

नोटीस लिहिली. खरी. ४१७ च्या कापलेल्या बुंध्याला चिकटवली. भर दुपारी तिथं उभा राहून मोठ्यानं वाचली. हरकत असल्यास सात दिवसांच्या आत कळवावी. मजूर हसले. मी फाइलमधली मैत्रेयीची सही खोडली, इतकी की कागद फाटला. खाली दुसऱ्या पानावर ती तशीच उमटली आहे.

सात दिवस. बुधवारपर्यंत. तोपर्यंत सावली थांबेल? तिनं थांबावं —

शुक्रवार, २८ एप्रिल

जेसीबीनं बुंधे उपटले. माझी नोटीस, मुळं, सगळं ट्रॉलीत गेलं. त्या जागेवर सिमेंटचा रस्ता ओतत आहेत. मी आडवा झालो. दोघांनी उचलून बाजूला ठेवलं, शिव्यासुद्धा दिल्या नाहीत.

आता नोटीस कशाला चिकटवू? झाड कुठं आहे?

संध्याकाळी फोन केला. तिच्या आईंनी उचलला. मैत्रेयी अंगणात बसली आहे म्हणाल्या. या वर्षी अंगणात दुपारची इतकी छान सावली पडते, तिनं खाटच टाकली आहे, तिथंच बसून पेपर तपासते. मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. मग ती फोनवर आली. आवाज बारीक, कोरडा.

म्हणाली, मस्त वाटते.

रविवार, ३० एप्रिल
वणी

काल दुपारी पोचलो. तिला खाटेवरून उचललं. दोन्ही हातांनी उचलायची तयारी केली होती. एका हातानं उचलली गेली —

खोलीत आणली, खिडक्या लावल्या, वर पत्र्याचं छप्पर. तीन वाजता सावली गेली असं वाटलं. आज बारा वाजता पुन्हा. बंद खोलीत. फरशीवर उन्हाचे ठिपके. हलतात. तिच्या अंगावर, तोंडावर. पाल्याचा वास.

दवाखान्यात नेलं. सलाइन लावली. बाटल्या संपतात. नर्स गादीखाली हात घालून पाहते, पाणी जातं कुठं. दवाखान्याच्या छतालाही ठिपके. डॉक्टर म्हणाले घेऊन जा, वाटलं तर नागपूर. घरी परत आणली. ती उठून बसत नाही. पापण्या मिटताना आवाज होतो.

तिचे आई-बाबा माझ्याकडं पाहतात. मी त्यांना सांगितलं. सगळं.  मैत्रेयीनंही ऐकलं. म्हणाली, वाळलंय म्हणाला होतात ना.

मी अजून त्या सावलीत बसलेलो नाही. चार एप्रिलनंतर एकदाही नाही. तिच्या उशाशी बसतो ते कडेला, ठिपक्यांच्या बाहेर, पाय आखडून. हे लिहिताना लाज वाटते. झाडासमोर जाऊन सांग म्हणाली होती रामीबाई. झाड कुठं आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

सोमवार, १ मे
दुपार

बारा वाजले. आली.

तिची खाट ओढून बाजूला केली. सावली खाटेमागं सरकायला लागली. मी मधोमध बसलो. थांबली.

गार आहे. पाठीला काहीतरी टेकलं. खरखरीत. रुंद. मी मागं वळून पाहणार नाही —

दुसरा कागद नाही. इथंच लिहितो. मोठ्यानं वाचत लिहितो.

पंचनामा. झाड क्रमांक ४१७. चिंच. जागेवर बसून लिहिला. झाड जिवंत आहे. बुंध्यास ओल आहे. पालवी आहे. चिंचा होत्या, मी खाल्ल्या. नोटीस लावली नव्हती. कुणालाही विचारलं नव्हतं. सावली पडते —

तोंडात थुंकी नाही. बोटं वाकत नाहीत, पेन मुठीत धरलंय —

पंच क्रमांक दोन यांनी झाड पाहिलं नव्हतं. कागद वाचला नव्हता. त्यांचं नाव काढावं. पाहणारा मी एकटा. खोटं लिहिणारा मी. हरकत असल्यास — माझ्यावर घ्यावी —

आई ओरडल्या. पाणी मागते आहे. मैत्रेयी पाणी मागते आहे. तिच्या कपाळावर — इथून दिसतं — घाम. थेंब. ओघळला —

तिच्यावरचे ठिपके गेले. सगळे या पानावर आले —

रागाव. वाचशील तेव्हा —

समक्ष —